छायाचित्राचे माप : कर्करोगाच्या उपचारातील गणिताचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी त्यांना विचारले की, गावात डॉक्टर थोडे आहेत काय? मी बाजार समितीच्या आवारात हमालांची संघटना बांधण्यात तीस वर्षे घालविलेला मनुष्य. शाळा बेताचीच झाली. पुढे जे वाचले ते रात्री, कधी मित्राकडून पुस्तक मागून, कधी मुलाकडून इंग्रजीचा अर्थ समजून घेऊन. चालक म्हणाले, “डॉक्टर रोगाविषयी सांगतील. तुम्ही मापाविषयी सांगा.” हे मला पटले. कारण मापाशी आमचा संबंध रोजचा आहे.

आडतीवर माल आला की शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मापाडी तो तोलतो आणि हमाल थप्पी लावतो. काटा खोटा असेल तर शेतकरी बुडतो, आणि वजनावर हमाली ठरत असेल तर हमालही बुडतो. म्हणून काटा कितीही चकचकीत असला तरी तो ठराविक मुदतीने तपासून त्यावर सरकारी मुद्रा मारून घ्यावी लागते. काटेवाल्याच्या शब्दावर विसंबून कोणी माल घालीत नाही. एवढा एकच धडा मी आज बरोबर घेऊन आलो आहे. माणसाच्या शरीराचे छायाचित्र काढावयाचे, ते संगणकाकडून मोजून घ्यावयाचे आणि त्या मोजणीवरून कर्करोगाचा उपचार ठरवावयाचा, ही विद्या आज वाढत आहे. हा नवा काटा कसा तयार झाला, आणि त्याच्यावर मुद्रा कोणी मारावयाची, हे आपण पाहू. यातला एक फार मोठा अध्याय आपल्याच जिल्ह्यात लिहिला गेला आहे, हेही मला सांगावयाचे आहे.

जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे दिसली आणि बोटातील अंगठी दिसली. पुढच्याच वर्षी, १८९६ च्या जुलैत, फ्रान्समधील लिआँ शहरी व्हिक्टर देस्पेन्य या डॉक्टराने पोटाच्या कर्करोगाच्या रोग्यावर हे किरण सोडून पाहिले. म्हणजे जो किरण रोग दाखवितो तोच रोगाला जाळूही शकेल, ही कल्पना किरणांइतकीच जुनी आहे. मुंबईस २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, त्यामागेही रेडियमने उपचार करण्याची आकांक्षा होती.

परंतु या चित्रात एक मोठी उणीव होती. ते सावलीचे चित्र होते. दिव्यापुढे माणूस उभा केला तर भिंतीवर एकच सावली पडते; खिशात काय आहे आणि पाठीवर काय आहे ते त्या सावलीत एकमेकांत मिसळून जाते. छातीच्या चित्रात फासळ्या, हृदय, फुप्फुस आणि गाठ एकावर एक चढून बसत. डॉक्टर ते चित्र उजेडासमोर धरून अनुभवाने वाचीत. दोन डॉक्टरांचे दोन निकाल होत. चित्र होते, पण माप नव्हते.

हे माप कसे मिळाले त्याची कथा मला फार आवडते, कारण तिच्यातली माणसे मोठ्या मानाच्या जागेवरची नव्हती. १९५६ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात अ‍ॅलन कॉर्मॅक नावाचे एक पदार्थविज्ञानाचे अध्यापक काही वेळ काम करीत होते. कर्करोगाच्या रोग्यांना किरण देताना मात्रा ठरविली जाई, ती जणू सगळे शरीर एकसारख्या द्रव्याचे बनले आहे असे धरून. कॉर्मॅक यांस हे खटकले. हाड दाट, फुप्फुस विरळ. मग आत कोठे काय आहे हे कळल्यावाचून मात्रा बरोबर कशी येणार? शरीराला कापल्यावाचून, बाहेरून निरनिराळ्या बाजूंनी किरण पाठवून, आतील प्रत्येक बिंदूची दाटी गणिताने काढता येईल असे त्यांनी दाखविले. हे गणित ऑस्ट्रियाच्या योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडून ठेवले होते. कॉर्मॅक यांस ते ठाऊकही नव्हते. १९६३ आणि १९६४ साली त्यांनी आपले निबंध छापले. जगाने त्यांकडे फारसे पाहिले नाही. सीटी स्कॅनच्या गणिताचे एक मूळ असे कर्करोगाच्या उपचाराच्या गरजेतून आले आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरीकडे इंग्लंडमध्ये ईएमआय या कंपनीत गॉडफ्रे हौन्सफील्ड नावाचे एक इंजिनिअर होते. ते लहानपणी शेतावर वाढलेले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. एका विद्युत् अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदविका होती. त्यांनी पहिले यंत्र लेथच्या जुन्या बैठकीवर बसविले. पहिल्या प्रयोगात २८,००० मोजण्या घेण्यास नऊ दिवस लागले आणि त्यांचा हिशेब करण्यास मोठ्या संगणकाला अडीच तास लागले. पुढे कसायाकडून बैलाचे मेंदू आणून त्यांवर त्यांनी प्रयोग केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याचे चित्र घेतले गेले. ती एक स्त्री होती आणि तिच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. चित्र ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकोनांचे होते. त्यात गाठ कोठे आहे ते स्पष्ट दिसले, आणि शस्त्रक्रियेत ती तेथेच सापडली. १९७९ साली कॉर्मॅक आणि हौन्सफील्ड यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथे मोठा पालट झाला तो असा की, चित्र आता आकड्यांचे बनले. प्रत्येक चौकोनाला एक आकडा. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, आणि बाकीचे सर्व या मापाने. या एककाला हौन्सफील्ड यांचेच नाव आहे. जे आकड्यांत आले ते मोजता येते, बेरजेस घेता येते, काल आणि आज ताडून पाहता येते. पोत्यात नळी खुपसून तुरीचा नमुना काढतात तेव्हा एका ठिकाणचा माल कळतो. येथे सगळे पोते न उसवता दाणा न् दाणा मोजल्यासारखे झाले.

उपचारावर याचा परिणाम काय झाला? किरणोपचार करणाऱ्या डॉक्टराला दोन गोष्टी एकदम साधावयाच्या असतात. गाठीला पुरेपूर मात्रा मिळावी, आणि शेजारच्या निरोगी अवयवाला शक्य तितकी कमी मिळावी. सीटी स्कॅनच्या प्रत्येक कापावर डॉक्टर गाठीची आणि शेजारच्या अवयवांची रेषा आखतात. मग संगणक हिशेब करून सांगतो की, कोणत्या कोनातून किती किरण सोडावेत. या रेषा हाताने आखण्यात तासांचा वेळ जातो. अलीकडे त्यांचा कच्चा आराखडा संगणकच काही मिनिटांत काढून देतो आणि डॉक्टर तो तपासून दुरुस्त करतात.

हे सारे परदेशातले आहे असे कोणी समजू नये. तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्याकडे पुष्कळ. त्यांवर किरण दिले की लाळेच्या ग्रंथी भाजून निघतात. तोंड कोरडे पडते, भाकरीचा घास घशाखाली उतरत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी साठ रोग्यांवर दोन पद्धती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून तुलना केली आणि २०१२ साली निकाल छापला. साध्या त्रिमिती आखणीत २८ पैकी २५ रोग्यांच्या लाळग्रंथींना बऱ्यापैकी इजा झाली. संगणकाने किरणांची तीव्रता ठिकठिकाणी बदलून दिली तेव्हा ३२ पैकी १९ जणांना झाली. रोग आटोक्यात राहण्यात उणेपणा आला नाही. दुसरा प्रयोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. शस्त्रक्रियेनंतर किरण घ्यावे लागणाऱ्या ३०० स्त्रिया त्यात होत्या. आतडी रोज थोडी सरकतात, म्हणून उपचाराच्या वेळी चित्र पाहून नेम धरावयाचा, ही त्यातील पद्धत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणे तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून अधिक त्रास जुन्या पद्धतीत शेकडा ४२.४ स्त्रियांना झाला, नव्या पद्धतीत शेकडा २१.१ स्त्रियांना. निम्मा! घरी परतल्यावर शेतात, रस्त्यावर, ऊसतोडीच्या कोपीवर राहणाऱ्या बाईला आतड्याचे दुखणे म्हणजे काय, हे मी आपणांस सांगावयास नको.

येथवर संगणकाने डॉक्टराच्या आज्ञेने हिशेब केला. यानंतर त्याला निकालच विचारण्यास सुरुवात झाली. २०१२ च्या सुमारास नेदरलंडमधील फिलिप लांबँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, गाठीचे चित्र म्हणजे आकड्यांचा साठा आहे. त्यातून शेकडो गुण मोजावेत, गाठीचा आकार, कडा, पोत, दाटीतील चढउतार, आणि त्यांवरून रोगाचा स्वभाव ओळखावा. २०१४ साली नेदरलंड व अमेरिका येथील संशोधकांनी फुप्फुसाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगाच्या १,०१९ रोग्यांच्या चित्रांवर काम केले, ४४० गुण मोजले, आणि त्यांतील काही निवडून कोणता रोगी किती काळ जगेल याचा अंदाज बांधता येतो असे दाखविले. जगात मोठा गाजावाजा झाला. डोळ्याला न दिसणारे यंत्राला दिसते, असे लोक म्हणू लागले.

आता मापाड्याची गोष्ट ऐका. २०१९ साली कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी हा काटा तपासावयास घेतला. गाठीच्या चित्रातील सारे ठिपके त्यांनी पत्त्यांसारखे पिसून टाकले. गाठ तेवढीच राहिली, पण तिच्या आतील पोत, रचना, सगळा अर्थ मोडला. तरीही त्या सूत्राचा अंदाज पहिल्याइतकाच बरोबर येत राहिला! म्हणजे ते सूत्र पोत वाचीतच नव्हते. ते मुख्यतः गाठ केवढी मोठी आहे एवढेच मोजीत होते, जे साध्या मापानेही कळले असते. ज्वारीची प्रत सांगतो म्हणणाऱ्याने नुसते पोत्याचे वजन सांगावे, तसे हे झाले. मूळ संशोधक लबाड होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी आपले सूत्र उघड केले होते, म्हणूनच दुसऱ्यांना ते तपासता आले. परंतु तपासणारा कोणी निघाला नसता तर? बंद पेटीत ठेवून विकलेल्या सूत्राची परीक्षा कोण करणार?

बंधुभगिनींनो, काट्याची परीक्षा कशी करावी हे जगाला शिकविणाऱ्यांत आपला जिल्हा आहे, हे आता सांगतो. येथून जवळच बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. डॉ. भ. म. नेने आणि कस्तुरी जयंत यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. भारतात लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी मुंबईस १९६३ साली झाली होती. पण खेड्यांत असा रोगी शोधावयाचा कसा? शहरात रोगी रुग्णालयात येतो, खेड्यात तो घरातच मरतो आणि मरणाचे कारण “पोटात दुखत होते” एवढेच राहते. म्हणून बार्शी तालुका आणि आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावांत कार्यकर्ते फिरले. घरोघर गेले, लक्षणे समजावून दिली, रोगी शोधले, नोंदले. या फिरण्याचा असा परिणाम झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. मोजणाऱ्याने नुसते मोजले नाही, मोजता मोजता बोललाही. त्याने मरण लांबविले.

पुढे १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग केला. होय, तेच लिआँ, जेथे १८९६ मध्ये पहिला किरण पोटावर सोडला गेला होता. ४९७ गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात आल्या. चिठ्ठ्या टाकून गटांचे चार भाग झाले. पहिल्या भागात पॅपिलोमा विषाणूची प्रयोगशाळेतील चाचणी. दुसऱ्यात पेशींची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातले आम्ल, लावून पांढरा पडलेला भाग परिचारिकेने डोळ्यांनी पाहणे. चौथ्या भागात तपासणी नाही, तेव्हा जिल्ह्यात जी व्यवस्था होती तीच. बोलाविलेल्या दर पाच स्त्रियांपैकी जवळजवळ चार आल्या. लाजेचा विषय, परक्या माणसांसमोर अंग दाखवावयाचे, रोजगार बुडवून यावयाचे. तरी त्या आल्या.

आठ वर्षे मरणांचा हिशेब ठेवून २००९ च्या एप्रिलात निकाल जाहीर झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू : तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. डोळ्याने तपासलेल्या गटात ३४,०७४ पैकी ५६. काच पाहिलेल्या गटात ३२,०५८ पैकी ५४. विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४,१२६ पैकी ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मरणे जवळजवळ निम्म्यावर आली. पहिल्या दोन पद्धतींतही पूर्वावस्थेतील पुष्कळ विकार सापडले होते, परंतु मरणांत खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. जगात या रोगाच्या तपासणीची दिशा बदलण्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या चाचणीस पहिली पसंती दिली. त्या शोधनिबंधात आपल्या जिल्ह्याचे तेव्हाचे नाव उस्मानाबाद असे छापले आहे. १,३१,७४६ बायांची नावे त्यात नाहीत आणि असूही नयेत. पण उपकार त्यांचे आहेत.

या प्रयोगावर टीकाही झाली. तपासणीने जीव वाचतो हे ठाऊक असताना चौथ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न अमेरिकेतील एका डॉक्टराने भारतीय नियतकालिकात विचारला. संशोधकांचे म्हणणे असे की, त्या वेळी जिल्ह्यात तपासणीच नव्हती. जे होते ते कोणाचेही काढून घेतले नाही, आणि अशी तुलना केल्यावाचून सरकारांना खात्री पटली नसती. दोन्ही बाजू ऐकून माझे मत असे झाले आहे की, वाद करावयाचा तर तो करावा, पण त्याहून मोठा प्रश्न पुढचा आहे. ज्या बायांनी जगाला उत्तर मिळवून दिले, त्यांच्या लेकीसुनांना ती चाचणी गावात मिळावी, हे त्यांचे देणे आहे. मजुरी केलेल्याला मजुरी मिळाली पाहिजे.

आता या दोन गोष्टी एकत्र बांधू. आपल्या जिल्ह्यातील प्रयोगाने एक कसोटी दिली : तपासणी किती विकार दाखविते यावर तिची किंमत ठरवू नका, तिने किती माणसे वाचविली यावर ठरवा. चित्र वाचणाऱ्या संगणकालाही हीच कसोटी लावली पाहिजे. तशी लावणारे लोक आहेत. स्वीडनमध्ये ८०,०३३ स्त्रियांच्या स्तनांच्या क्ष-किरण चित्रांचा प्रयोग झाला, त्याचा पहिला निकाल २०२३ साली आला. अर्ध्या स्त्रियांची चित्रे दोन डॉक्टरांनी वाचली. अर्ध्यांची आधी संगणकाने चाळून दिली आणि मग डॉक्टरांनी वाचली. हजारांत ५.१ च्या जागी ६.१ कर्करोग सापडले आणि डॉक्टरांचे वाचण्याचे काम शेकडा ४४ ने कमी झाले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निसटून जे कर्करोग उघडकीस येतात, ते कमी होतात की नाही ही खरी परीक्षा, असे त्यांनी आरंभीच ठरवून ठेवले होते.

कामगार चळवळीतला मनुष्य म्हणून “काम शेकडा ४४ ने कमी” हे वाक्य वाचताना माझे कान टवकारले. भुईकाटा आला तेव्हा आमच्या मापाड्यांच्या पोटात असाच गोळा आला होता. परंतु जेथे चित्र वाचणारा डॉक्टरच मिळत नाही, तेथे यंत्राने कोणाची भाकरी हिसकावली असे होत नाही. तेथे प्रश्न वेगळा आहे. हे यंत्र कोणाच्या चित्रांवर शिकले?

कोस्टा रिका देशातील ग्वानाकास्ते प्रांतात १९९० च्या दशकात ९,४०६ स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची छायाचित्रे जपून ठेवली होती. २०१९ साली अमेरिकन संशोधकांनी त्यांवर संगणकाला शिकविले, आणि यंत्राने मोठी हुशारी दाखविली. पण ती चित्रे एका विशिष्ट कॅमेऱ्याची होती. पुढे फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रांवर ती हुशारी तशी टिकेना. यंत्र बदलले, प्रकाश बदलला, माणसे बदलली की शिकलेले डळमळते. एका गावचा काटा दुसऱ्या गावी नेला तर नव्याने मुद्रा मारून घ्यावी लागते, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून आपली चित्रे आपल्या देशातील साठ्यात असणे अगत्याचे आहे. टाटा मेमोरियलने इतर संस्थांच्या सहकार्याने कर्करोगाच्या चित्रांची अशी एक पेढी उभारली आहे. तिची वार्ता २०२३ साली आली, आणि आरंभ डोके-मान व फुप्फुस यांच्या कर्करोगांपासून झाला. परंतु पेढीत कोणाचे चित्र जाणार? ज्याचे चित्र काढले गेले त्याचे. आणि येथे हजेरीपटाचा प्रश्न येतो. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याला मजुरी नाही. साठ्यात ज्याचे चित्र नाही त्याला यंत्र ओळखणार नाही. देशाच्या नोंदणीचा २०१२ ते २०१६ या काळाचा अहवाल २०२० साली निघाला. त्यात पुरुषांमध्ये कर्करोगाचे प्रमाण उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांत सर्वांत कमी, लाखामागे ३९.५ आहे, ऐजॉलमध्ये ते २६९.४ आहे. आपण भाग्यवान आहोत म्हणून हा आकडा एवढा लहान असेल, तर आनंदच आहे. पण आकडा कमी असला म्हणून यंत्रांची आणि डॉक्टरांची वाटणी करताना आपले नाव शेवटी जाऊ नये. कर्करोग झालेल्या बाईच्या दृष्टीने तिचा आकडा शंभर टक्के असतो.

चित्राचा दुरुपयोगही आपण पाहिला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ साली उघडकीस आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कित्येक बायांना पुढे कर्करोग होईल अशी भीती घालण्यात आली होती. वाचणाऱ्याचा स्वार्थ चित्रात शिरला की चित्र साक्ष देत नाही, भय घालते. उद्या संगणकाच्या नावाने अशी भीती घालणे अधिकच सोपे होईल. “यंत्राने सांगितले” या शब्दांपुढे गरीब माणूस मान खाली घालतो.

एक घरची गोष्ट सांगून थांबतो. आमच्या एका हमाल बंधूच्या पत्नीला गालाच्या आत गाठ झाली. एका ठिकाणी सीटी स्कॅन झाला. त्याची चकती तिने पिठाच्या डब्यामागे जपून ठेवली, कारण पैसे त्याचेच पडले होते. दुसऱ्या ठिकाणी गेली तर चकती उघडेना, कागद अपुरा. पुन्हा चित्र, पुन्हा पैसे, आणि दोन महिने गेले. ती मला म्हणाली, “दादा, माझ्या तोंडाचा फोटो माझ्याजवळ आहे, पण तो मलाच कळंना आन् त्यांनलाबी कळंना.” तिला उपचार मिळाले. ती आहे. ताकात कुस्करलेली भाकरी ती खाते. पण ते दोन महिने कोणत्या हिशेबात धरावयाचे? जगातील उत्तमांतले उत्तम गणित त्या चकतीवर चालू शकले असते. ते गणित आणि ती चकती यांच्यामध्ये एक न उघडणारे झाकण होते.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. रोग्याचे चित्र रोग्याबरोबर, कोठेही उघडेल अशा रूपात गेले पाहिजे. जे यंत्र आपल्या माणसांवर निकाल देणार, त्याची परीक्षा आपल्या माणसांच्या चित्रांवर, विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी केलेली असली पाहिजे, आणि तिचा निकाल मरणे व दुखणी यांच्या आकड्यांत जाहीर झाला पाहिजे. आपली चित्रे साठ्यात घ्यावयाची तर आपल्याला विचारून, नाव झाकून घ्यावीत, आणि त्यातून जे पीक येईल त्याचा वाटा परंड्याला, भूमला, लोहाऱ्याला आला पाहिजे. आणि अंतिम निकालावर एका माणसाची सही असली पाहिजे, ज्याला जाब विचारता येईल.

काट्यावरची मुद्रा कोणी आपण होऊन मारून देत नाही. ती मागावी लागते. आम्ही आवारात ती मागूनच मिळविली. आपण येथे जमलेली नगरवासी मंडळी शिकलेली आहात. पुढच्या वेळी घरात कोणाचा स्कॅन निघाला, तर पाकिटाबरोबर हे दोन प्रश्नही घेऊन जा : हे कोणी वाचले, आणि त्याचे माप कोणी तपासले?